ओढविलंब

हाल्सविकच्या क्लबात नवा खेळाडू दाखल झाला, की पहिल्या आठवड्यात त्याचे गुडघे तपासत, दुसऱ्यात फुप्फुसं आणि तिसऱ्यात घरची ओढ. गुडघ्यांचा अहवाल प्रशिक्षकाकडे जाई, फुप्फुसांचा आहारतज्ज्ञाकडे आणि ओढीचा थेट मालकांच्या बैठकीत. गुडघा दुखला तर खेळाडू लंगडतो आणि ते सगळ्या जगाला दिसतं. ओढ लागली तर तो चेंडूपाशी जरासा उशिरा पोचतो, एवढंच. पण त्या काळच्या फुटबॉलमध्ये जरासा उशीर म्हणजे एक गोल, आणि एक गोल म्हणजे कुणाची तरी नोकरी.

इंद्रजित सरनाईक तिथं आला तेव्हा त्याला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. तो कोल्हापूरच्या नंदीवेस तालमीचा. आता कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे बरं का. पेठेपेठेची तालीम, तालमीतालमीचा फुटबॉलचा संघ, आणि संघ हरला की त्या पेठेत आमटीला फोडणी बसत नाही. अशा पेठेतून इंद्या निघाला, गोव्यात खेळला, मग पोर्तुगालात, आणि शेवटी नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या या गावात डाव्या बगलेचा आघाडीवीर म्हणून येऊन टेकला. पेठेनं चौकात त्याचा फलक लावला. फलकावर नॉर्वेचा झेंडा चुकून डेन्मार्कचा छापला होता, पण अभिमान खरा होता.

ओढ तपासणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉक्टर सोल्वाइग हाउगेन. इंद्रजित त्यांना पहिल्या दिवसापासून हाउगेनबाई म्हणू लागला. बाई नॉर्वेजियन बोलत आणि इंद्रजितच्या कानातला दुभाष्या, म्हणजे वाटाण्याएवढं भाषांतराचं यंत्र, ते मराठीत करून सांगे. फक्त हे मराठी शिकवणारा कोण पंडित होता देव जाणे.

"श्रीयुत सरनाईक, आपण आसनस्थ व्हावे," दुभाष्या म्हणाला. "आपणांस काही व्यथा आहे काय?"

"व्यथा अशी काय न्हाई," इंद्रजित म्हणाला. "सगळं झकास हाय. फकस्त करमत न्हाई बघा."

दुभाष्या अडखळला. करमणं या शब्दाला जगातल्या बहुतेक भाषांत जोड नाही, आणि यंत्राला तर मुळीच सापडली नाही. त्यानं बाईंना सांगितलं, की या इसमाला कंटाळा आला आहे. दुसऱ्या दिवशी इंद्रजितच्या दारात क्लबनं मासेमारीचा गळ, खेळांचं यंत्र आणि तरणतलावाचा परवाना पाठवून दिला. भिडेखातर बिचाऱ्यानं काही दिवस मासे धरले. मासे गळाला लागले, जीव काही लागला नाही.

पुढच्या खेपेला त्यानंच बाईंना समजावलं. "कंटाळा न्हवं ओ. म्हंजे आता हे घर हाय, जेवान हाय, चार मित्र हायती. सगळं हितं हाय आणि मीच हितं न्हाई. असलं हाय ते."

बाईंनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं. मग त्याला पडद्यावर एक सामना दाखवला. त्याचाच होता तो. उत्तरार्धात हाल्सविकच्या प्रेक्षकांत कुणीतरी ढोल वाजवायला सुरुवात केली. चेंडू इंद्रजितकडे येत होता. इंद्रजितनं मान वळवून प्रेक्षकांकडे पाहिलं, पापणी लवते न लवते तेवढंच, आणि चेंडू शेजारून निघून गेला. प्रतिस्पर्ध्यानं तो उचलला आणि पलीकडं गोल झाला.

"आपण काय पाहिलेत तिकडे?" बाईंनी विचारलं.

इंद्रजितला सांगायची लाज वाटली. ढोल वाजला आणि त्याला शाहू मैदानाची ती बाजू दिसली होती, जिथं नंदीवेसची पोरं बसत. क्षणभर त्याला वाटलं, आली सगळी.

"यालाच आम्ही ओढविलंब म्हणतो," बाई म्हणाल्या. "मेंदू एका वेळी दोन ठिकाणी राहू शकत नाही. एखादा आवाज, एखादा वास आला की तो घरी जाऊन येतो. फार वेळ लागत नाही. पण चेंडू तेवढाही थांबत नाही."

"मग आता काय करायचं?"

बाईंनी मग जी युक्ती सांगितली, तिच्यावर त्या काळचा अर्धा व्यावसायिक फुटबॉल उभा होता. तिचं नाव स्मृतिशमन. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आपण एखादी गोष्ट आठवतो, तेव्हा मेंदू ती बाहेर काढतो, आणि बाहेर काढताना ती मऊ पडते. काही तास ती तशीच राहते आणि मग पुन्हा घट्ट होऊन बसते. त्या मऊ अवस्थेत नाकात एक फवारा आणि कपाळाला चुंबकाचे सौम्य ठोके दिले, की आठवणीतलं चित्र जसंच्या तसं राहतं, पण तिच्यातला चटका निघून जातो.

"गुळासारखं," इंद्रजित म्हणाला. त्याच्या मामांचं गुऱ्हाळ होतं. "काहिलीतनं काडला की मऊ आसतोय. तवाच ढेप पाडायची. एकदा थंड झाला की घण घातला तरी ऐकत न्हाई."

बाईंना ही उपमा फार आवडली.

"आन् चटका काडताना गोडी बी जाती काय?" त्यानं विचारलं.

बाई सरळ होत्या, खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "त्यावर अजून अभ्यास चालू आहे," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात इंद्रजितचा फोन वाजला. आई होती. तिला वेळेचा हिशेब कधीच जमला नाही, ती तिची कामं आवरली की फोन लावायची.

"जेवलाईस काय रं? मी आत्ताच भाकरी थापून बसलो बघ. रोज तुझी वाट बघतो आन् मग गिळतो."

दोन शब्द बोलून त्यानं फोन ठेवला. बाईंच्या कानातही दुभाष्या होता. "आपले वडील आपल्यावर फार माया करतात," त्या म्हणाल्या.

"वडील न्हवं, आई हाय ती."

"पण क्रियापदे पुल्लिंगी होती."

"आमच्याकडं बायका आशाच बोलत्यात. बसलो, बघतो, गिळतो. व्याकरण तिकडं पुण्याला," इंद्रजित म्हणाला आणि हसला. पण बाईंच्या पडद्यावर त्याची ओढ मोजणारी रेघ टोक गाठून आली.

करार संपत आला होता. क्लबचं म्हणणं साधं होतं. शमन करून घे, मग नवा करार. त्याच्यावर जर्मनीतल्या एका फार मोठ्या क्लबाचाही डोळा होता, पण त्यांची अट तीच. नाही म्हणालास, तर खुशाल घरी जा. कोल्हापूरच्या मातीतला एवढ्या वर पोचलेला तो पहिलाच. माघारी गेला असता तर पेठेनं त्याला खांद्यावर घेतलं असतं, आणि त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, मान खाली घातली असती. अण्णांचा स्वतःचा गुडघा ऐन उमेदीत गेला होता. त्यांचं सगळं उरलेलं धावणं या पोराच्या पायात होतं.

"लेका, म्होरं जा," अण्णा फोनवर म्हणाले. "आमी कुटं पळून जातोय? हितंच हाय की."

त्यानं क्वाबेनाला विचारलं. क्वाबेना संघाचा गोलरक्षक, घानाचा, दिलदार माणूस. त्याचं शमन होऊन बरेच दिवस झाले होते.

"काही वाटत नाही," क्वाबेना म्हणाला. "खरंच सांगतो. झोप छान लागते. गेल्या महिन्यात माझी आई वारली."

"आरं देवा. आन् तू बोलला न्हाईस?"

"बोलायचं राहूनच गेलं. बहिणीनं कळवलं, मी पाणी प्यायलो आणि सरावाला आलो. त्या शनिवारी एकही गोल खाल्ला नाही आपण, आठवतं?" क्वाबेना मनापासून हसला. त्याच्या हसण्यात दुःख लपलेलं असेल म्हणून इंद्रजित त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. तसलं काही तिथं नव्हतं.

इंद्रजित घाबरला, हे कबूल करायला हवं. पण कोल्हापूरकर घाबरला की डोकं चालवतो. त्यानं बाईंना खोदून खोदून विचारलं. शमन सगळ्या डोक्यावर होतं, का आठवणीवर?

"फक्त जी आठवण आपण त्या वेळी काढाल, तिच्यावर," बाई म्हणाल्या. "जी काढणार नाही, ती घट्टच राहील. तिला आम्ही हातही लावू शकत नाही."

संपलं. इंद्रजितला वाट सापडली. बाकी सगळं द्यायचं आणि एकच आठवण लपवून ठेवायची. हा शिवाजी महाराजांच्या मुलखातला गनिमी कावा, गोऱ्यांच्या बापाला कळायचा नाही. सगळा मुलूख गेला तरी चालेल, एक किल्ला हाती राहिला की झालं. त्या रविवारी तो या खुशीत चांगला तासभर धावून आला.

किल्ला कुठला, हे ठरवायला त्याला क्षणही लागला नाही.

तो सतरा वर्षांचा असतानाची गोष्ट. तालमीच्या मोठ्या संघातलं पहिलं वर्ष, आणि अंतिम सामना थेट पेनल्टींवर गेला. शेवटची पेनल्टी इंद्याकडं आली आणि त्यानं ती बारवरनं मैदानाबाहेर घातली. मग काय विचारता! पेठेतल्या म्हाताऱ्यांपासून सगळ्यांनी त्याचा उद्धार केला. "बापाचा गुडघा गेला, पोराचं डोस्कं गेलं," असंही कुणी म्हणालं. मैदान रिकामं झालं तरी इंद्या गोलपोस्टला टेकून बसून राहिला. आणि बघतो तर काय, ऊन कलताना त्याची आई मैदानात चालत येत होती. ती बाई जन्मात कधी मैदानात आली नव्हती. सामन्याच्या दिवशी ती देवापुढं बसून राहायची, तेवढाच तिचा फुटबॉल.

तिनं हातातला डबा खाली ठेवला. "कुटनं मारलास?" तिनं विचारलं. त्यानं बोटानं पेनल्टीची खूण दाखवली. आईनं चपला काढून एका बाजूला नीट ठेवल्या, मोतिया रंगाच्या लुगड्याचा ओचा खोचला आणि म्हणाली, "बॉल ठेव. मी बी मारतो एक."

आणि मारला तिनं. चेंडू गडगडत गडगडत निघाला. समोर गोलरक्षक नाही, काही नाही, आणि तरी तो गोलरेषेच्या अलीकडं येऊन, विचार बदलल्यासारखा, थांबला. आई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली.

"माझा बी न्हाई गेला," ती म्हणाली. "आता दोगं बी नापास. चल, जेव."

मायलेक त्या खुणेवर बसून हसता हसता भाकरी आणि खरडा खात होती. एवढीच आठवण. नंतर गोवा झालं, पोर्तुगाल झालं, हजारोंनी त्याच्या नावाचा गजर केला. पण कुठल्याही परदेशी खोलीत जीव कासावीस झाला की इंद्रजित तो थांबलेला चेंडू काढून बघे, आणि त्याला रडू येई, आणि रडून झालं की बरं वाटे.

शमन सुरू झालं. डोक्यावर चुंबकाचा हलका मुकुट, समोर समुद्र दिसणारी खिडकी, आणि बाईंचा शांत आवाज. "आज काय आठवायचे?" इंद्रजितनं हात सैल सोडला. आखाड्यातल्या तांबड्या मातीचा हळद-ताकाचा वास दिला. मामांच्या गुऱ्हाळावरची काकवी दिली. सामना जिंकल्यावर गुलालानं माखून रंकाळ्यावर केलेली अंघोळ दिली. अण्णा सायकलच्या कॅरियरवर बसवून सरावाला नेत, ती आठवणही दिली, आणि ती देताना बोटं खुर्चीत रुतली. दर वेळी मुकुट चढवताना तो स्वतःला बजावत असे: मैदानातली ती संध्याकाळ सोडून. चपला, लुगडं, चेंडू, यातलं काही काढायचं नाही. खबरदार.

बाई चार-दोनदा म्हणाल्या, "आपले मन कुठेतरी आणखी जात आहे." इंद्रजितनं चेहरा साधा ठेवला आणि मनातल्या मनात किल्ल्याचा दरवाजा आणखी घट्ट लावला.

ढोल वाजला तरी त्याची मान आता वळत नव्हती. तो त्या मोसमात असा खेळला, की हाल्सविकच्या पोरांनी 'सरनाईक' हे नाव अचूक म्हणायला शिकून घेतलं. जर्मनीचा करार झाला. चौकात नवा फलक लागला. आईचा फोन आता जरा लांबल्यासारखा वाटे, पण तो सभ्यपणे सगळं ऐकून घेई.

करार झाला त्या रविवारी दुपारी त्यानं ठरवलं, आज आपण आपला किल्ला उघडायचा. कॉफी घेऊन तो धक्क्यावरच्या बाकावर बसला आणि डोळे मिटले.

सगळं होतं. चपला नीट बाजूला ठेवलेल्या होत्या. ओचा खोचला होता. चेंडू गडगडला, थांबला. "आता दोगं बी नापास." सगळं स्वच्छ दिसलं, आणि तो वाट बघत बसला. काहीच आलं नाही. परक्याच्या लग्नाची चित्रफीत बघावी तसं त्यानं ते बघितलं. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. कॉफी गार झाली.

तो बाईंकडे गेला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. हाउगेनबाईंनी जुने आलेख काढले आणि एकेक तपासला.

"प्रत्येक वेळी," त्या म्हणाल्या, "आपण सांगत होता त्या आठवणीच्या आधी आणखी एक आठवण उजळलेली आहे. प्रत्येक वेळी तीच. मला वाटले, आपल्याला ती बोलायची नाही पण द्यायची आहे. असे पुष्कळ जण करतात."

"मी ती काडतच न्हवतो. आठवायची न्हाई म्हणून सारखं बजावत हुतो."

"बजावण्यासाठी ती काढावीच लागते, श्रीयुत सरनाईक."

आपल्याकडं वैद्याची एक जुनी गंमत सांगतात. औषध देताना तो म्हणे, घे, पण घेताना माकड आठवू नकोस, नाहीतर गुण यायचा नाही. त्या दिवसापासून रोग्याला माकडाशिवाय काही दिसेना. इंद्रजितनं ही गोष्ट लहानपणी डझनभर वेळा ऐकली होती. बाकीच्या आठवणी एकेकदा मऊ झाल्या होत्या. किल्ला दर खेपेला वितळला होता, आणि दर खेपेला त्यावर ठोके पडले होते.

"ते परत बसवता येतं?"

"चटका आम्ही कुठे काढून ठेवत नाही. तो उरतच नाही." बाईंनी आलेख बाजूला सारले. "घरी जा. आईजवळ राहा. नव्या आठवणी झाल्या तर त्यांच्याबरोबर कदाचित नवी ओढ येईल. मला मनापासून वाईट वाटते. आपल्याला?"

इंद्रजितनं शोधून बघितलं. "न्हाई," तो म्हणाला. "मलाच वाटायला पायजे हुतं, न्हवं?"

तो कोल्हापूरला गेला. पेठेनं हलगी लावली, गुलाल उधळला, अण्णांना आणि त्याला एकाच उघड्या जीपमधून फिरवलं. अण्णा ढसाढसा रडले. इंद्रजित जिथं हसायचं तिथं हसला आणि एकाही माणसाचं नाव चुकला नाही. लोक म्हणाले, एवढा मोठा झाला, पण पोरगं बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती आणि तो जवळच पाट घेऊन बसला होता. पूर्वी तो तव्यावरचीच भाकरी ओढायचा आणि पाठीत धपाटा खायचा. आज त्यानं ताट पुढं येईपर्यंत वाट बघितली. तिनं भाकरी वाढली.

"थँक्यू, आई," तो म्हणाला.

आईचा हात परातीत थांबला. त्या घरात कधी कुणी कुणाला थँक्यू म्हटलं नव्हतं. असलं पाहुणे म्हणतात.

"इंद्या, काय झालंय रं तुला?"

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. लपवावं असं त्याला काही वाटलं नाही. मुकुट, फवारा, मऊ होणारी आठवण, आणि मैदानातली ती संध्याकाळ कशी जपायला गेलो आणि कशी गेली, तेही. आईनं तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला.

"त्यो बॉल," ती म्हणाली. "मी तर रोज आठवतो की रं. रातच्याला पाठ टेकली की पयला त्योच डोळ्यासमोर येतोय. मला वाटायचं, तिकडं माझं लेकरू बी त्योच बघत आसंल."

"दिसतोय की मला बी. सगळं दिसतंय. फकस्त काय होत न्हाई."

"आजाबात?"

"आजाबात."

तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा भरून आले, पुन्हा पुसले. इंद्रजितनं तिला पाण्याचा तांब्या दिला. रडणाऱ्या माणसाला पाणी द्यायचं असतं, हे त्याला आठवत होतं.

"दुखतंय काय रं त्ये?" तिनं विचारलं. "ठोकं देत्यात म्हंतोस त्ये."

"न्हाई गं. कळत बी न्हाई."

"मग तुझ्या त्या बाईला इचार," आई म्हणाली. "मला बी देती काय म्हणावं. तुझं सुटलं. मी एकट्यानं कुटवर वडत बसू?"

इंद्रजितला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं फोन काढला. नॉर्वेत अजून पहाट होती, तेव्हा तासाभरानं लावावा असं त्यानं ठरवलं, आणि तोवर कुठली आठवण आधी काढायची हे तो आईला समजावून सांगू लागला.